माळखिंडीचा चौथा दगड

माळखिंडीत खेळायला आलात, तर मैदानातले चार दगड आधी नीट बघून घ्या. तीन साधे आहेत. चौथ्याला तुम्ही होम म्हणता, आम्ही घर म्हणतो, आणि त्याला हळदकुंकू लागतं. डाव संपला आणि कुणी मधल्या दगडावर अडकून राहिला, तर तो आपणहून निघत नाही. त्याच्या घरची बाई चौथ्या दगडावर उभी राहून त्याला नावानं हाक मारते. एकदाच. त्या दिवशी सकाळपासून तिनं ते नाव तोंडात आणलेलं नसतं.

ही रीत साळूपासूनची.

असं सांगतात, की फार पूर्वी एक गोरा पाद्री इथं शाळा काढायला आला, तो येताना आपल्या मुलखातला खेळ घेऊन आला. तिकडे म्हणे तो गावोगाव खेळतात, आणि मोठा सामना असला की अख्खा देश कामधंदा सोडून तिकडे कान लावून बसतो. इथं बाभळीचा दांडा झाला, चिंध्यांवर कातडं शिवून चेंडू झाला; एकानं चेंडू टोलवायचा, आणि गड्यांनी एकेक दगड गाठत घरी पोचायचं. दोन वर्षांत आसपासच्या वाड्या गाड्या जुंपून सामने बघायला यायला लागल्या. पाद्र्यानं एक नियम मात्र सगळ्यांकडून घोकून घेतला होता: चेंडू टोलवल्याशिवाय दगड सोडायचा नाही.

साळूचा नवरा तुळाजी पळण्यात पटाईत. शेजारच्या वाडीशी सामना होता त्या दिवशी तो तिसऱ्या दगडावर उभा होता. घर तीस पावलांवर. तेवढ्यात टेकडीवरून लाल धुळीची वावटळ उतरली, आणि खेळणारे-बघणारे सगळे गावाकडे पळाले. तुळाजी नियमाचा पक्का. चेंडू उडाला नव्हता, म्हणून तो हलला नाही.

धूळ बसली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. तिसरा दगड रिकामा होता.

साळू सासूच्या मागोमाग धावत आली. मातीत फक्त पावलं उमटली होती. टेकडीला वळसा घालून गेलेली, फिरून तिथंच आलेली, पुन्हा आपल्याच ठशांवरून गेलेली.

"चकवा," कुणीतरी पुटपुटलं. चकवा लागलेला माणूस त्याच वाटेनं फिरत राहतो, आणि सापडतो तेव्हा त्याची छाती फुटलेली असते.

गड्यांनी हाका मारल्या, "तुळ्या, इकडं ये रे." टेकडीमागून तीच हाक त्याच आवाजात परत आली. पण जरा उशिरा, आणि जरा लाडानं. सासूनं, धोंडाईनं, हाक मारली. तीही परत आली, भलत्याच बाजूनं, आणि टेकडीमागं पळणारी पावलं तिकडं वळली. साळूला ती ऐकू येत होती. जड पडायला लागली होती.

धोंडाई मटकन खाली बसली. "त्यानं माझाही आवाज घेतला गं. आता तुझाच राहिलाय."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे साळूनं लहानपणापासून ऐकलेलं. उखाण्यासाठी बायांनी दारात अडवलं, तेव्हाही ती लाजून पळाली होती.

"आत्याबाई, मी नाव घेतलं आणि त्यांना काही झालं तर?"

"नाही घेतलंस तर काय उरणार आहे?"

साळू चौथ्या दगडावर चढली. "तुळाजी," ती म्हणाली, "घरी या."

पावलं थांबली. टेकडी गप्प राहिली. साळूचा आवाज आणि ते नाव टेकडीनं एकत्र कधी ऐकलंच नव्हतं. मग तुळाजी सरळ चालत आला, तिसऱ्या दगडाला शिवला आणि साळूच्या पायाशी येऊन कोसळला. छाती भात्यासारखी हलत होती, पण हलत होती.

साळू आनंदानं पुन्हा ते नाव घेणार, तोच धोंडाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. टेकडीमागून हाक आली होती. "तुळाजी, घरी या." हुबेहूब साळूच्या आवाजात.

साळूनं ते नाव पुन्हा जन्मात घेतलं नाही, असं सांगतात. आणि तुळाजी, म्हातारा झाला तरी, दिवेलागणीला तिचा हात धरल्याशिवाय हे मैदान ओलांडायचा नाही म्हणे.

आजही ही रीत कुणी मोडत नाही. तुम्ही पाहुणे, तुमच्या घरच्या बाया इथं नाहीत. म्हणून तर मी सकाळीच तुमची नावं कागदावर लिहून घेतली. तुमच्यातला एकजण हसला, "मावशी, लग्नं जमवताय काय?" जमवीनही, पण ते नंतर. तुमची नावं अजून मी तोंडानं घेतलेली नाहीत. डाव संपेपर्यंत ऊन उतरेल. दगडावर कुणी राहिला, तर मी एक हाक मारीन. लगेच या. दुसऱ्यांदा माझा आवाज आला, तर तो माझा नसेल.