तीन बोटांची चिमूट

एका गावात एक नदी होती. तिचा अलीकडचा काठ आजचा होता आणि पलीकडचा काठ हजार वर्षांपूर्वीचा. महिन्यातून एकदा एक नावाडी माणसांना पलीकडे नेत असे आणि पुढच्या महिन्यात परत आणत असे. त्याची अट एकच होती. अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीही सोबत न्यायचं नाही.

एकदा त्या नावेत दोघं बसले. एक होता खूप शिकलेला माणूस. दुसरी होती अंगणवाडीतली मदतनीस बाई. तिची शाळा सातवीत सुटली होती.

शिकलेल्या माणसाने विचारलं, "बाई, तुम्ही तिकडे जाऊन काय करणार?"

"इथे करते तेच."

"इथे काय करता?"

"खिचडी शिजवते. पोरांचे हात धुते, नाकं पुसते. पोर आजारी पडलं तर आई येईपर्यंत मांडीवर घेते."

तो हसला. "नाकं तेव्हाही पुसत होते, बाई. मला मात्र राजा आपल्या शेजारी बसवील, बघा तुम्ही."

बाईला ते लागलं.

पलीकडे उतरताच शिपायांनी दोघांना राजापुढे उभं केलं. राजा म्हणाला, "तुम्ही पुढच्या काळातले लोक. आम्हाला येत नाही असं तुम्हाला काय येतं?"

शिकलेला माणूस पुढे झाला. "महाराज, आमच्याकडे तेलावाचून दिवे लागतात. धातूची विमानं ढगांवरून जातात."

"वा! मग एक दिवा लावून दाखव."

"त्याला वीज लागते, महाराज."

"मग आण वीज."

"ती धरणावर तयार होते."

"बरं, विमान?"

"त्याला कारखाना लागतो. आणि कारखान्याला..." तो अडखळला. "खरं सांगतो महाराज, मी ही यंत्रं वापरली आहेत. बनवली कधीच नाहीत."

दरबार हसला. राजाने त्याला लाकडं फोडायच्या कामावर पाठवलं.

मग बाईने नावेत सांगितलं होतं तेच राजाला सांगितलं. दरबार आणखी मोठ्याने हसला. "हे तर आमच्या घरोघरच्या बायकांना येतं," राजा म्हणाला. "हिला धान्य पाखडायला बसवा." तिची राहायची सोय कुंभारआळीत एका कुंभारणीच्या घरी झाली.

दहा दिवस गेले आणि नगरात हगवणीची साथ आली. माणसं पटापट मरू लागली. राजवैद्याने खूप विचार केला आणि राजाला सांगितलं, "महाराज, रोग्याचं पोट म्हणजे गळकं मडकं. वरून पाणी ओतत राहिलं तर गळती थांबेल कशी?"

राजाला ते पटलं. त्याला आपली माणसं वाचवायची होती. त्याने दवंडी पिटवली: हगवण लागलेल्या माणसाला पाण्याचा थेंबही देऊ नये, जो देईल त्याचा हात तोडला जाईल.

एका सकाळी कुंभारणीच्या सहा वर्षांच्या मुलीला हगवण लागली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. "आई, पाणी," एवढंच ती म्हणत होती. कुंभारणीने घरातल्या घागरी पालथ्या घालून ठेवल्या होत्या आणि ती दारात बसून रडत होती.

बाई कामावरून आली. तिने मुलीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. घडी तशीच उभी राहिली.

"हिच्या अंगातलं पाणी संपलंय," बाई म्हणाली. "हिला पाणी पाजायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"ताई, हात तोडतील तुझा!"

"माझे हात दोन आहेत. पोर एकच आहे. चूल पेटव."

लाकडं संपली होती. बाईने रस्त्याने मोळी घेऊन जाणाऱ्या शिकलेल्या माणसाला हाक मारली. तो आला आणि मुलीकडे बघून म्हणाला, "मीठ आणि साखरेचं पाणी द्यायचं असतं. मी वाचलं होतं. पण प्रमाण... प्रमाण काही केल्या आठवत नाही."

"ते माझ्यावर सोडा साहेब. तुम्ही जाळ मोठा करा."

तो खाली बसला आणि फुंकणीने फुंकू लागला.

बाईने आडावरून तांब्याभर पाणी आणून उकळवलं, थंड केलं. त्यात मूठभर गूळ घातला. मग अंगठा आणि दोन बोटं जुळवून मिठाची एक चिमूट घातली. अंगणवाडीत तिने हे कितीतरी आयांना करून दाखवलं होतं. तिला मोजावं लागलं नाही. तिने एक थेंब कुंभारणीच्या जिभेवर ठेवला. कुंभारणीच्या गालावरून पाणी वाहत होतंच.

"सांग, जास्त खारट काय? हे, का तुझे डोळे?"

"डोळेच," कुंभारीण म्हणाली.

"मग बरोबर जमलंय. डोळ्यांहून खारट झालं तर फेकून द्यायचं."

तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि पळीने एक एक घोट पाजू लागली. आळीतल्या बायका दाराशी जमल्या. बातमी राजवाड्यावर पोचायला वेळ लागला नाही. आधी शिपाई आले, मग राजवैद्य, आणि त्यांच्या मागोमाग स्वतः राजा.

"थांबव ते!" वैद्य ओरडला.

बाई उठली नाही. तिने मानही वर केली नाही. "हुकूम ठाऊक आहे मला, वैद्यबुवा. हात तोडायचा तर डावा तोडा. उजवा कामात आहे."

राजा संतापला. "तू माझा हुकूम मोडलास?"

"मोडला. अजून मोडतेय, बघा." आणि तिने मुलीच्या तोंडात आणखी एक पळी घातली.

तेवढ्यात मुलीला भडभडून उलटी झाली. सगळं पाणी बाहेर पडलं.

"बघा महाराज!" वैद्य म्हणाला. "गळक्या मडक्यात ओतू नये म्हणून मी सांगत होतो."

शिपायाने बाईचा हात धरला. पळी खाली पडली. कुंभारीण ती उचलून उभी राहिली.

"वैद्यबुवा, मडकी मी घडवते. मला मडक्यातलं कळतं. गळकं मडकं फेकून देऊन दुसरं घडवता येतं. ही माझी पोर आहे." मग ती बाईकडे वळली. "ताई, पुढे काय करू सांग."

"भाताला उकळी येईल इतका वेळ थांब," बाई म्हणाली. "मग परत दे. आणखी सावकाश. उलटी झाली म्हणून सोडायचं नाही."

शिपाई बाईला ओढू लागला, तर आळीतल्या सगळ्या बायका त्याच्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. कुणी हललं नाही.

राजाने त्या बायकांकडे पाहिलं. "सूर्य मावळेपर्यंत थांबू," तो बाईला म्हणाला. "पोर गेली तर तुझे दोन्ही हात जातील."

"चालेल," बाई म्हणाली.

राजा अंगणातल्या एका पालथ्या रांजणावर बसला. कुंभारीण पाजत राहिली. एक पळी, मग थोडं थांबणं, मग पुन्हा एक पळी. पुन्हा उलटी झाली नाही. एक तांब्या संपला, दुसरा झाला. उन्हं कलली तेव्हा मुलीने डोळे उघडले आणि बारीक आवाजात म्हणाली, "आई, मला मुतायला जायचंय."

बाई ताडकन उभी राहिली. "काय म्हणालीस? परत म्हण!"

कुंभारणीने पोरीला उचललं आणि घरामागे धाव घेतली. राजा, वैद्य, शिपाई, बायका, सगळे श्वास रोखून उभे. घरामागून कुंभारणीचा आवाज आला, "झाली! ताई, झाली गं!"

बायकांनी एकच गलका केला. राजाला काही कळेना. "यात एवढं आनंदाचं काय आहे?"

"कोरड्या अंगातून लघवी येत नाही, महाराज. पाणी अंगी लागलं. पोर वाचली."

वैद्याने मुलीची नाडी पाहिली. बराच वेळ तो मनगट धरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "खरं आहे. नाडी परत आली. माझं चुकलं."

राजाने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला. मग तो बाईला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "तुला वाड्याशेजारी घर देतो. पण हा उपाय वाड्यातच राहू दे. शेजारच्या राज्यातही साथ आहे आणि ते आमचे शत्रू आहेत. ज्याला जगायचं असेल तो आमच्यापुढे मान वाकवून येईल."

बाई म्हणाली, "उशीर झाला, महाराज."

"म्हणजे?"

"दुपारभर या सगळ्या बघत होत्या. गूळ किती, मीठ किती, चव कशी. त्या पलीकडच्या घरातल्या म्हातारीची लेक शेजारच्या राज्यात दिलीय. म्हातारी मघाशीच तिकडे निघाली."

राजाने आळीकडे पाहिलं. घरोघरी चुलीतून धूर निघत होता. दारादारात कुणी ना कुणी बाई तीन बोटं जुळवून शेजारणीला दाखवत होती.

"आता किती हात तोडणार?" बाईने विचारलं.

राजाने पुन्हा त्या हातांकडे पाहिलं. मग त्याने आपला हात पुढे केला, मिठाच्या मडक्यात घातला आणि विचारलं, "अशी?"

"चार बोटं लागली तुमची, महाराज," बाई म्हणाली. "ते मीठ टाका आणि परत धरा."

एवढंच या गोष्टीचं तात्पर्य: ज्या विद्येला आपल्या दोन हातांपलीकडे काही लागत नाही, ती कुठल्याही काळात उपयोगी पडते, आणि ती वापरायला कुणाच्या हुकमाची वाट बघायची नसते.