सुतकातली चूल

खालच्या आळीतल्या त्या घरासमोर तुम्ही थबकलात, ते मी पाहिलं. अंगणात माणसं डोकं खाली घालून बसलेली, बाई गेल्याला पुरता दिवसही झालेला नाही, आणि कौलांतून धूर निघतोय. तुमच्यापैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. कोकणात कुठेही जा, माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी जेवण आणून देतात. आमच्या तळकोंडात मात्र त्याच दिवशी चूल पेटते. घरातलं कोणी ती पेटवत नाही, बाहेरचं माणूस येऊन पेटवतं. बाहेरगावचे पाहुणे नाकं मुरडतात. आम्ही काही बोलत नाही, कारण सांगायला बसलं तर वेळ लागतो. तुमची गाडी यायला अवकाश आहे म्हणून सांगतो. इथे पारावर बसा.

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी या मुलखावर एकाची सत्ता होती. त्याचं नाव आमच्या गावात घेत नाहीत, 'कोटातला' एवढंच म्हणतात. हा कोटातला शेजारच्या दर्यावर्दी सरदाराशी लढाई करत होता. लढाई कशासाठी, हे कोणालाच कळलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. पारावर चार माणसं बोलत बसली तरी त्याची माणसं येऊन पांगवायची. गावागावातून तरणी मुलं गलबतं वल्हवायला आणि तटाचे दगड वाहायला नेली जायची. नेलेल्यांपैकी कोणी परत आलेला आमच्या पंचक्रोशीत तरी कोणाला ठाऊक नव्हता. ज्या गावाने नाही म्हटलं त्या गावाची राख झाली, असं सांगतात.

तळकोंडाची पाळी उन्हाळ्यात आली. खाडीच्या पलीकडे, ते माड दिसतात तिथे, त्याच्या शिपायांची चौकी बसली. हवालदार एकदाच इकडे आला आणि सांगून गेला. अवसेला होड्या येतील, गावातला प्रत्येक पुरुष आणि घरातलं सगळं भात तयार ठेवा. मग तो पलीकडे जाऊन बसला. आमचं गाव उतारावर आहे, सगळी घरं खाडीकडे तोंड करून. पलीकडून प्रत्येक कौलावरचा धूर मोजता येतो. पहारा ठेवायला त्याला इकडे यायची गरजच नव्हती.

गाव देवळात जमलं. देवाला कौल लावला. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाव सोडावं का, म्हणून विचारलं. म्हणे सगळं गाव श्वास धरून बसलं होतं आणि पाकळ्या तिथेच वाळून गेल्या. एकही पडली नाही. गुरव रडायला लागला. देव गप्प बसला, असं आम्ही म्हणतो.

मग माणसांनाच बोलावं लागलं, आणि माणसं भांडली. म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं, पोरांना घेऊन घाट चढू. "घरां काय, परत बांधूक येतली," ते म्हणाले.

तरण्यांचा म्होरक्या ढाकू होता. कोयता कमरेला लावूनच तो बैठकीत आला होता. तो म्हणाला, "आज आमी पळालो तर तो फुडच्या गावाक जातलो. उद्या तेच्या फुडच्या. मगे तेनी खंय पळूचा?"

याला कोणाकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुमच्याकडे असलं तर जाताना मला सांगून जा.

ढाकूची आई आवडी कोपऱ्यात बसली होती. ती गावची सुईण. नवरा लवकर गेला, हा एकुलता एक मुलगा. बोलायला तिखट नव्हती, पण तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं, त्यामुळे ती उठली तेव्हा लोक गप्प झाले.

"तुमी दोघय बरोबर बोलतास," ती म्हणाली. "पण लढूक माणसां लागतत, ती आपल्याकडे नाय. आणि पळूक येळ लागता. म्हातारी माणसां, पोरां, गुरां घेवन घाट चढूचो म्हणजे काय खेळ नाय. पलीकडल्यांक कळला तर ते वाटेतच गाठतले. तो येळ मी काढून देतंय. धूर माझ्याकडे लागलो."

तिचा बेत साधा होता. पावसाआधी भाताच्या रोपांची जमीन भाजायला आमची माणसं डोंगरात फांद्या तोडायला जातात. रोज सकाळी कोयते आणि दोऱ्या घेऊन निघायचं, हे पलीकडून बघणाऱ्याला नवीन वाटणार नव्हतं. तर रोज दोन-तीन घरं अशी निघायची आणि परत यायचीच नाही. जी घरं रिकामी होतील त्यांच्या चुली आवडी पेटवणार.

ढाकूने ऐकलं आणि तो भडकला. "आये, तुका सोडून मी जावचंय नाय."

"तू लढूक निघालेलस मा?" ती म्हणाली. "मगे शेवंताची पोरां घाटावर पोचव. ह्या काय कमी लढणा नाय."

शेवंता त्यांची शेजारीण. तिचा नवरा आदल्याच वर्षी शिपायांनी नेला होता. घरात तीन लहान पोरं, सासू, आणि अंथरुणाला खिळलेला सासरा. सासऱ्याला हलवता येत नव्हतं, म्हणून ते घर शेवटी निघायचं ठरलं. गाव रोज थोडं थोडं ओसरत गेलं. आवडी आधी दोन घरांत जायची, मग पाच, मग अख्ख्या आळीत. शेवटी सासरा गेला. पलीकडच्या किनाऱ्यावरून त्याचे नातेवाईक आले, बाकी गाव डोंगरात फांद्या तोडायला गेलंय असं त्यांना सांगितलं, दहन झालं, आणि ते परतल्यावर दुसऱ्या सकाळी ढाकू शेवंताच्या धाकट्याला खांद्यावर घेऊन डोंगराकडे निघाला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं की नाही, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मी म्हणतो पाहिलं असेल. आपण असतो तर पाहिलं असतं.

मग आवडी एकटी राहिली.

लोक लढाईच्या गोष्टी रंगवून सांगतात. ही रंगवण्यासारखी नाही. एक बाई सकाळी उठते. पहिल्या घरात जाते, राख ओढते, काटक्या लावते, फुंकणीने फुंकते, धूर कौलांबाहेर गेला का ते अंगणात येऊन बघते, आणि दुसऱ्या घरात जाते. संध्याकाळी पुन्हा तेच. जिथे तिने बायकांना बाळंत होताना धीर दिला, त्याच घरांत आता बोलायला कोणी नव्हतं. ती भिंतींशी बोलायची, असं सांगतात. मला ते खरं वाटतं. गावातली कुत्री तिच्या मागे मागे घरोघर फिरायची. ती तरी होती, एवढंच.

आणि अशा फिरण्यात एका सकाळी तिच्याकडून चूक झाली. हाताच्या सवयीने ती शेवंताच्या घरात शिरली आणि तिने तिथली चूल पेटवली. घरात सुतक होतं. आतापर्यंत रोज ती ते घर सोडून पुढे जात होती, आणि ते योग्यच होतं. त्या दिवशी तिच्या ध्यानातच राहिलं नाही. आठवलं तेव्हा धूर वर गेला होता. तिने चूल विझवली आणि तिथेच कपाळाला हात लावून बसली. गावात बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बघणारा मात्र होता. पलीकडे भिवा नावाचा तारी होता, होडी चालवणारा. शिपायांनी त्याची होडी साखळीने बांधून ठेवली होती आणि त्याला चौकीवर राबवत होते. शेवंताच्या सासऱ्याच्या दहनाला नातेवाईक आले ते याच्याच होडीतून, तेवढ्यापुरती साखळी सोडली होती. मधले दिवस त्या कौलावर धूर नव्हता, तेव्हा हवालदाराने विचारलं होतं, आणि यानेच सांगितलं होतं की तिथे सुतक आहे. आता त्या कौलावर धूर चढताना त्याने पाहिला आणि पाण्याचं भांडं हातात धरून तो उभाच राहिला. घरात शेवंता असती तर हे घडलं नसतं. शेजारणींनीही तिला चूल पेटवू दिली नसती. म्हणजे घरात शेवंता नाही. शेजारणीही नाहीत. मग त्याने इतर कौलांकडे पाहिलं, आणि सगळे धूर एकाच वेळी न चढता एकामागोमाग एक चढतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

हवालदाराने रोजच्यासारखं विचारलं, "गाव जागेवर आहे ना?"

भिवाला बायको होती, पोरं होती. खोटं उघडं पडलं असतं तर काय झालं असतं हे तो जाणून होता. "आसा," तो म्हणाला. "धूर दिसता मा?"

भिवा पळाला नाही, लढलाही नाही. ढाकू आणि म्हातारे भांडत होते त्यात हा तिसरा रस्ता कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. एक शब्द बोलला आणि खरं काय ते अवसेपर्यंत पोटात ठेवून बसला.

अवसेला होड्या आल्या. शिपाई घरोघर शिरले. चुलींत ऊन राख, आणि माणूस एकही नाही. आवडी आपल्या घरात बसली होती. गाव कुठे गेलं, कुठल्या घाटाने गेलं, हे तिला पुष्कळ विचारलं. तिने सांगितलं नाही. त्यांनी घरं पेटवली आणि तिला कोटाकडे न्यायला होडीत बसवलं. होडी भिवाचीच होती; धूर हवालदारानेही रोज पाहिलाच होता, म्हणून भिवावर कोणाचा संशय गेला नाही.

शिपाई पुढे बसले होते, मागे जळणाऱ्या गावाकडे बघत हसत होते. आवडी मागे वल्ह्याजवळ होती. ती हळूच म्हणाली, "भिवा, शेवंताच्या घरात मी चूल पेटवलंय. सुतक होता. ध्यानातच रवला नाय."

"माका दिसला, वयनी."

"कधी?"

"तेच दिवशी."

तिने पदराला लागलेली राख झटकली. मग म्हणाली, "शेवंता कधी भेटली तर तिका सांग, चूक झाली म्हणान. तिका वायट वाटात."

एवढंच. ती होडीतून उतरली ती कोणालाच पुन्हा दिसली नाही. ती दगड झाली, खाडीतला तो एकटा खडक म्हणजे तीच, असं सांगणारे लोक भेटतील तुम्हाला. मी तसं सांगत नाही. कोटातल्याने तिचं काय केलं हे कळलं नाही, हीच गोष्ट आहे. गाव मात्र तोवर घाटावर पोहोचलं होतं. एकही माणूस वाटेत सापडला नाही.

काही वर्षांनी कोटातला हरला. त्याच्याच माणसांनी त्याला सोडलं, असं म्हणतात. मग तळकोंड परत आलं. सगळं नाही, जे उरले ते. सगळ्यांच्या पुढे ढाकू होता. घाट उतरल्यापासून तो आईला हाका मारत होता, म्हणे. काळ्या भिंतींशिवाय इथे काही नव्हतं. तो तसाच खाडीवर गेला आणि भिवाला गाठलं. भिवाने त्याला सगळं सांगितलं.

ढाकूने विचारलं, "माझ्यासाठी काय सांगल्यान?"

भिवाला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललाच होता. पण या वेळी तो म्हणाला, "नाय, झिला. तुझा नाव काढूक नाय. शेवंताची माफी तेवढी मागल्यान."

ढाकू परत आला तेव्हा शेवंताच्या पडक्या घरासमोर माणसं जमली होती. तिची सासू कशीबशी गावच्या शिवेपर्यंत आली आणि शिवेतच गेली. म्हातारीला पोचवून झालं होतं. पोरं सकाळपासून उपाशी होती. घरात सुतक, म्हणून चूल पेटवायची नाही. शेजाऱ्यांनी जेवण आणून द्यावं तर शेजाऱ्यांची घरंच उभी नव्हती. ढाकूने शेवंताला आईचा निरोप सांगितला. जिच्यासाठी आईने शब्द ठेवला तीच समोर होती आणि त्याच्यासाठी काही नव्हतं. त्याला राग आला होता, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

शेवंता ऐकून खाली बसली. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तेव्हा तिना पेटवल्यान म्हणून देव कोपाक नाय. माझी पोरां जिती आसत. ढाकू, जा. आत जावन माझी चूल पेटव."

"सुतकात?"

"सुतकातच. तुझ्या आयेन पेटवल्यान, आता तू पेटव. आमी हय थांबतंव."

ढाकू आत गेला. छप्पर नव्हतं, चुलीचे दगड तेवढे जागेवर होते. त्याने राख ओढली. बाहेर सगळे उभे राहिले. धूर यायला उशीर झाला, तरी त्याला कोणी हाक मारली नाही. त्या राखेवर शेवटचा हात आपल्या आईचा होता, हे आत गेल्यावर त्याला कळलं असणार.

तेव्हापासून ही रीत पडली. आजही तळकोंडात कोणी गेलं की घरचे सगळे अंगणात येऊन बसतात आणि बाहेरचं एक माणूस आत जातं. त्याच्याशी बोलायचं नाही, सोबतीला जायचं नाही, धूर दिसेपर्यंत वाट बघायची. कोण पळालं, कोण राहिलं, कोणाचं बरोबर होतं, हे आमच्या गावात कोणी कोणाला विचारत नाही. आज सकाळी त्या घरात मी गेलो होतो. काटक्या ओल्या होत्या, वेळ लागला. रिकाम्या घरात दुसऱ्याच्या चुलीसमोर बसलं की बाहेरची माणसं फार लांब वाटायला लागतात. मी एका घरात बसलो आणि मला बाहेर यावंसं वाटत होतं. आवडीला तर उठून पुढच्या घरात जायचं होतं.