एसीच्या मृत्यूचा दाखला

रत्नागिरीत ऐन मे महिन्यात शिवलकर सिस्टरांचा एसी बंद पडला. त्यांचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. दमट उकाड्याने दोन दिवसांत त्यांच्या पाठीवर चट्टे उठले.

एसीच्या शोरूमचे मालक रेडीज शेठ स्वतः तपासायला आले. तपासणीचे पाचशे रुपये आधी घेतले आणि उंबऱ्यातूनच एसीकडे पाहून म्हणाले, "संपला हा. नवीन घ्या. पंचावन्न हजार."

"अहो, निदान उघडून तरी बघा!"

"वीस वर्षं धंद्यात आहे, बाई. मेलेलं मशीन मला लांबूनच कळतं. उशीर केलात तर हाल यजमानांचेच होतील."

यजमानांचं नाव निघालं आणि सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कोरा कागद आणि पेन शेठच्या हातात कोंबलं.

"मी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली. तिथे कुणी गेलं की डॉक्टर कारण लिहून दाखला देतात. तुम्हीही द्या. काय बिघडलं ते लिहा, खाली सही करा. मग मी दुसरा मेकॅनिक बोलावते. त्याच्या हातून एसी सुरू झाला, तर हा दाखला तुमच्या शोरूमच्या दारावर चिकटवीन!"

शेठनी पेन खाली ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर काढला. बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर तेवढा जळाला होता. चारशे रुपयांचा नवा बसवताच खोलीत गार हवा सुटली.

"नशीब तुमचं," शेठ घाम पुसत म्हणाले, "अजून धुगधुगी होती."

"धुगधुगी होतीच," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही नाडीच पाहिली नव्हती."