तुपाचा कडा

झोरेवाडीत जायला एकच वाट आहे. कड्यात खोदलेल्या बावन्न पायऱ्या, एका वेळी एकच माणूस चढेल एवढ्या. मधल्या दहा-बारा पायऱ्या काळ्याकुळकुळीत आहेत. पावसाळ्यात सगळा कडा शेवाळतो, पण तिथे शेवाळ धरत नाही. नवखा माणूस तिथे हात टेकवतो आणि नकळत बोटं हुंगून बघतो. असा पाहुणा दिसला की वाडीतले थोरले कोंडू झोरे त्याला पायरीवर बसवतात, स्वतःही बसतात आणि ठमाईची हकिकत सांगतात. उभ्याने ते ती सांगत नाहीत.

ठमाई झोऱ्यांची सून. किती पिढ्यांपूर्वीची, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. वाडी गवळी धनगरांची. वर्षभर म्हशी राखायच्या आणि पाऊस लागण्याआधी तुपाची गाडगी खाली बाजारात न्यायची, हा त्यांचा धंदा. ठमाईची सासू हौसाई तुपाची जाणती होती, असे सांगतात. बाळंतिणीला किती द्यायचं, डोकं ठणकत असेल तर नाकात कोमट करून किती थेंब सोडायचे, कोरड्या खोकल्याला कशात कालवून चाटवायचं, सगळं तिला तोंडपाठ. म्हशीचं तूप पोटाला आणि गाईचं औषधाला, असं ती म्हणे. तिच्या आजेसासूच्या हातचं एक गाडगं घरामागे पुरलेलं होतं. ते फक्त चिघळलेल्या जखमेसाठी उकरायचे.

त्या वर्षी वैशाखात पुंडांची टोळी खोऱ्यात शिरली. त्यांनी आधी नदीपलीकडची वाडी लुटली आणि म्हाताऱ्यांना गोठ्यात कोंडून गोठे पेटवले. अमावास्येच्या दिवशी ते या कड्याच्या पायथ्याशी आले. ठमाईचा नवरा मालू तुपाची कावड घेऊन नुकताच उतरला होता. टोळी दिसताच त्याने कावड टाकली आणि वाडीला सावध करत वर पळत सुटला. तिसाव्या पायरीवर त्यांनी त्याला गाठलं. सगळ्यात पुढे असलेल्याने त्याचा पायरीला धरलेला हात मनगटापासून तोडला, मग मानेवर घाव घातला. मालूचं धड कड्यावरून खाली गेलं. ठमाई वर कड्याच्या तोंडाशी उभी होती. घाव घालणाऱ्याचं तोंड तिने नीट पाहून घेतलं. त्याचा डावा कान अर्धा तुटलेला होता.

वाडीतले पुरुष म्हशींमागे रानात गेलेले. मागे बाया, पोरं आणि चार म्हातारे. पण त्या दिवशी सगळ्या वाडीचं लोणी कढत होतं. चुलाणावर तीन मोठ्या कढया होत्या. ठमाई रडली नाही, म्हणे. तिने कढईच्या कड्यांतून मुसळ घातलं आणि दोन बायांना दुसरं टोक धरायला लावलं.

पहिल्या कढईने पुढचे पाच जण एकावर एक दरीत गेले. दुसरीने मागच्यांची तोंडं भाजली. पायऱ्या तुपाने अशा निसरड्या झाल्या, की ज्यांच्या अंगावर थेंबही पडला नव्हता तेही घसरले आणि खालच्या खडकावर त्यांची डोकी फुटली. उरलेले पळाले. तिसरी कढई ओतायची गरज नव्हती. ठमाईने ती ओतली.

मग कोयता घेऊन ती भिंतीला धरत धरत खाली उतरली. वाटेत एक जण कण्हत होता, त्याचा गळा तिने कापला. त्याच्या खाली, खडकाच्या कंगोऱ्यावर, तो अर्ध्या कानाचा अडकून पडलेला. छातीवरची आणि दंडांवरची कातडी सुटून लोंबत होती. तिला पाहून तो म्हणाला, "घाव घाल. लवकर घाल."

तिने कोयता उगारला, आणि तसाच धरून राहिली.

"माझ्या माणसाला जीव मागायला तरी वेळ दिलास का?" ती म्हणाली. "मरण मागशील आणि मी देईन होय? तू जगायचंस."

कोयता तिने दरीत फेकला. ही दया नव्हती, हे कोंडू झोरे ठासून सांगतात. त्याने जन्मभर तडफडावं, एवढंच तिच्या मनात होतं. घोंगडीत घालून तिने त्याला वर वाडीच्या झऱ्याशी आणवलं.

हौसाई मुलाला माती देऊन आली होती. बराच वेळ ती त्या सोललेल्या अंगाकडे बघत बसली. मग उठली, गाईच्या तुपाचं गाडगं आणि तांब्याची परात घेऊन आली.

"जगवायचाच असेल तर नीट जगव," ती सुनेला म्हणाली. "तुपात झऱ्याचं पाणी घाल, तळहाताने घोट, पाणी ओतून टाक, नवं घाल. शंभर वेळा. तूप ज्याच्या संगतीला जातं त्याचा गुण घेतं. सकाळी आगीचा घेतला. आता पाण्याचा घेऊ दे."

शंभर खडे मांडून ठमाईने तूप धुतलं. ते लोण्यासारखं पांढरं आणि गार झालं, तुपाचा वासही उरला नाही. त्याचा लेप तिने त्याला लावला. पहिले काही दिवस ती मुद्दाम जोरात हात फिरवी आणि तो किंचाळे, म्हणे. रोज नवं तूप, रोज शंभर पाणी. आठव्या दिवशी लेप लावताना त्याचं अंग थरथरलं, आणि ठमाईच्या ध्यानात आलं की आपण त्याच्या जखमेवर फुंकर घालतो आहोत. ती तशीच उठली आणि झऱ्याच्या दगडावर हात लाल होईपर्यंत घासत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर आली.

महिन्याने तो उभा राहिला. तेव्हा वाडी जमली. रानातून आलेल्या पुरुषांनी त्याचे हात बांधून त्याला कड्याच्या टोकाशी नेलं. ढकलायचा पहिला मान ठमाईचा, असं ठरलं. ती पुढे गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती. बराच वेळ तिचा हात तिथेच राहिला.

"याची कातडी माझ्या हाताला सरावलीय," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होणार. तुमच्यातल्या कुणाला करायचं असेल तर करा."

कुणी पुढे आलं नाही. शेवटी हौसाईनेच दोर सोडला आणि तोंड फिरवून घराकडे गेली. तो पायऱ्या उतरून निघून गेला. पुढे तो सुधारला की पुन्हा टोळीत शिरला, असं पाहुणे हमखास विचारतात. वाडीला ते ठाऊक नाही, आणि कधी ठाऊक करूनही घ्यायचं नव्हतं, असं कोंडू झोरे सांगतात.

आजही वैशाखी अमावास्येला झोरेवाडीत चूल पेटत नाही. घरोघरच्या बाया तांब्याची परात घेऊन झऱ्यावर जातात आणि शंभर पाण्यांनी तूप धुतात. खोऱ्यात कुठेही कुणी भाजलं की माणसं ते न्यायला येतात, कधी भाजलेल्यालाच खांद्यावर घेऊन कडा चढतात. वाडीचा नेम एवढाच, की तू कोण आणि कसा भाजलास, हे लेप लावून होईपर्यंत विचारायचं नाही. लेप झाल्यावर विचारायला हरकत नसते. पण कुणी विचारत नाही.