धनेशाच्या ढोलीतली चोच

जिथे भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, अशा सह्याद्रीतल्या दाट रानाच्या कडेला मंजुळीची झोपडी होती. वडील कधीच देवाघरी गेले होते. आई तापाने अंथरुणाला खिळलेली. हल्ली ती डोळेही उघडत नसे. मंजुळी रानातली उंबरं गोळा करून आणी. त्यांवरच तिचा दिवस निघे.

एका सकाळी बेहड्याच्या झाडाखाली तिला धनेश पक्षी मरून पडलेला दिसला. कुणाचा तरी छर्रा लागला होता. पिवळीधम्मक चोच मातीत रुतली होती. वर झाडाच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं. मादी पिल्लासह स्वतःला आत कोंडून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो, हे मंजुळीला ठाऊक होतं. तेवढ्यात फटीतून एक चोच बाहेर आली आणि वाट पाहत राहिली.

मंजुळीने ओटीत उंबरं घेतली, वेली धरून ती वर चढली आणि एकेक फळ त्या चोचीत ठेवलं.

खाली उतरते तो हिरव्या शेवाळावर इवलीशी परी उभी! शिंजीर पक्ष्याच्या जांभळ्या पिसांचा झगा, पंखांवर दवाचे चमचमते मणी, पण डोळे रडून लाल झालेले. तिने मंजुळीला एक इच्छा मागायला सांगितली. मंजुळीने धनेशाचा जीव मागितला. परीने नकारार्थी मान हलवली. गेलेला जीव परत मागायचा नाही, असा नियमच होता.

"मग माझ्या आईला बरं कर, परीताई. पक्षिणीला भरवायला माझे हात आहेत."

"करीन. पण ही ढोली आतून फुटेल, तेव्हाच तुझी आई उठेल. तोवर एकही दिवस चुकायचा नाही."

मंजुळी रोज चढू लागली. जवळची उंबरं संपली, तशी ती पार दरीत उतरू लागली. स्वतःसाठी काही उरेना. तळहात सोलवटले. एके दिवशी शेजारच्या भागूमावशीने सांगितलं, आज आईला सोडून जाऊ नकोस, तिचा काही भरवसा नाही. मंजुळी आईचा हात धरून बसली. मग मावशीला आईजवळ बसवून, डोळे पुसत रानात धावली.

ती भरवत असतानाच आतून टकटक झाली. चिखल ढासळला. आधी पक्षीण बाहेर आली, मागून भेदरलेलं पिल्लू. दोघं पंख घुमवत उडाली. त्यांच्यामागून परीही वर गेली. पानापानांत सोनेरी उजेड पसरला आणि विझला. रान पुन्हा अंधारलं.

घरी येऊन मंजुळी दारातच थबकली. आत पाऊल टाकायचा धीर होईना.

"मंजुळे," आतून क्षीण आवाज आला, "इतकी कशी गं वाळलीस?"