शांतवन पाणाड्याचं मनगट

आमच्या चर्चला घंटा नव्हती, रविवारी नुसता लोखंडाचा तुकडा बडवायचे, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. मोठी माणसं ती अर्धीच सांगतात. मी पुरी सांगतो.

गावात शांतवन नावाचा पाणाड्या होता. उंबराचं बेचकं दोन्ही हातांत धरून तो रानातून चालायचा, आणि बेचक्याचं टोक जिथं खाली वळेल तिथं पाणी लागायचं. एकदाही चुकला नाही, असं म्हणतात.

मग तीन वर्षं पाऊस आला नाही. चर्चच्या मंडळीनं विहीर खोदायचं ठरवलं. मोठे पंच लुकसतात्या शांतवनला आपल्या शेताच्या बांधावर घेऊन गेले आणि शेजारी उभे राहून बघत राहिले. बेचकं हललं नाही. शांतवननं मनगट जरासं फिरवलं. टोक खाली गेलं. तात्या हसले.

चार महिने गाव खोदत होतं. खाली नुसता काळा पाषाण. तेव्हा तात्या म्हणाले, "कुणाच्या तरी पापानं पाणी अडलंय."

पापी शोधायला वेळ लागला नाही. विधवा सगुणाबाईनं पोराच्या तापात म्हसोबाला नारळ फोडला होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर वाटून खायच्या रविवारी तिला मंडळीतून काढायचं आणि उरल्यासुरल्या झऱ्यावर तिची घागर बंद करायची, असं ठरलं. म्हणजे मायलेकरानं तहानेनं मरायचं.

रविवारी पाळक म्हणाले, "प्रत्येकानं स्वतःला तपासावं." सगळ्यांनी सगुणाबाईला तपासलं.

भाकरीचं ताट शांतवनपुढं आलं. त्यानं भाकर घेतली नाही. तो उभा राहिला.

"बेचकं वळलं नव्हतं. मी वळवलं. तात्या बघत होते, मी भ्यालो."

"शांतवन, खाली बस. ही काय बोलायची वेळ आहे?" तात्या म्हणाले.

"हीच आहे. तुम्हालाही ठाऊक होतं, तात्या."

तात्यांनी भाकर घेतली आणि चावत राहिले.

शांतवन तिथून निघाला तो थेट कोरड्या विहिरीत उतरला. तळाशी बसून आपलं एकेक खोटं मोठ्यानं सांगू लागला. पहिल्यानं पाषाण ओला झाला, असं म्हणतात. दहाव्यानं घोटे बुडाले. पाणी छातीला लागलं तेव्हा काठावर अख्खं गाव होतं, पण दोर टाकला तो सगुणाबाईनं.

"वर या, दादा. पुष्कळ झालं."

"थांब बाई, अजून एक राहिलंय."

मग दोर वर आला. ओला होता, आणि मोकळा.

सगुणाबाईची घागर कुणी अडवली नाही. पुढं विहिरीला पायऱ्या झाल्या. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं एकट्यानं पाण्यापर्यंत उतरायचं, मनगट भिजवायचं आणि आपलं एक खोटं सांगायचं, आधी पंचांनी, अशी रीत तिनंच घातली. कुणी आत काही दाबून वर आलं तर पाणी एक पायरी खाली जातं, असं म्हणतात.

अजून सगळे उतरतात. पंचांना मात्र हल्ली गुडघेदुखी असते, ते काठावरूनच हात जोडतात.

यंदा अकरा पायऱ्या उघड्या पडल्यात. पंच म्हणतात, पाऊस कमी झाला.

पाऊस भरपूर झालाय.