नव्वद हातांचा दोर

तिमथीबाबा प्रवरेकाठच्या करंजवाडीत मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिकत. बाबांना ना घर, ना पगार. एक घोंगडी, एक चिपळी आणि ख्रिस्ताचं नाव. ते उतरले होते लहानू दोरवाल्याच्या छपरात, आणि हेच पुष्कळांना खुपत होतं.

लहानू जातीचा मांग. बाप्तिस्मा झाल्यावर तरी मंडळीने ते विसरावं ना? नाही! उपासनेला त्याची जागा दाराशी, चपलांजवळ. होय, ख्रिस्ताच्या मंडळीत! लपवायचं कशाला? आणि हे सांभाळणारे कोण, तर मंडळीचे पंच शलमोनमास्तर. बायबलातल्या पत्रांचे अध्यायच्या अध्याय त्यांना पाठ. जात सोडून आले होते, ताठा मात्र गाठोड्यात बांधून आणला होता.

श्रावणात एके सकाळी बाबा लहानूला म्हणाले, "लहानू, घायपाताचा दोर वळ. मनगटाएवढा जाड, नव्वद हात लांब. पोळ्याच्या आत पुरा झाला पाहिजे. तोवर दुसरं काही वळू नकोस."

लहानूची बायको सगुणा चुलीपासून उठली. पोळ्याला गावोगावचे शेतकरी बैलांसाठी कासरे, वेसणी, मोरक्या घेतात. दोरवाल्याच्या घरी वर्षाचे दाणे त्याच बाजारातून येतात.

"बाबा, मग आमी खायाचं काय?" तिने विचारलं.

"ते मला माहीत नाही, बाई," बाबा म्हणाले. "जे सांगायला सांगितलं, ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू विळा घेऊन निघाला. घायपाताची पानं कापली, डबक्यात कुजवली, धोपटून वाखाचे धागे काढले. हातांना खाज सुटली, बोटं फुटली. नवराबायको पीळ देत राहिली.

मास्तर रोज तिकडून जात. एकदा थांबलेच. "काय रे लहानू, गावातली सगळ्यात खोल विहीर तीस हात. नव्वद हातांनी काय आभाळातलं पाणी शेंदणार?"

बरोबरची माणसं फिदीफिदी हसली.

"ठावं न्हाई, मास्तर. बाबांनी सांगितलं."

"अरे, तारण विश्वासाने होतं, दोराने नाही! तुझा विश्वास किती आहे ते सांग."

लहानूने पीळ सोडला नाही. "ते मला मापता येत न्हाई, मास्तर. सांगितलंय तेवढं करतो."

पोळा आला आणि गेला. बाजारात दुसऱ्यांचे कासरे विकले गेले. लहानूच्या घरात कण्या शिजल्या आणि दारात नव्वद हातांचं वेटोळं पडलं.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, नदीकाठून आरोळ्या उठल्या. मास्तर नऊ माणसांना घेऊन पलीकडच्या गावी उपासनेला निघाले होते. होडीवाला नको नको म्हणत होता, तरी यांनी होडी लोटायला लावली. वरच्या अंगाला पाऊस झालेला, लोंढा आला, होडी खडकावर आपटून फुटली. आता अकरा जीव नदीच्या मध्यावर त्या खडकाला चिकटलेले, आणि पाणी वीत वीत चढतंय!

पट्टीचे पोहणारे काठावर उभे होते. एकही उतरेना. बाबा, लहानू आणि सगुणा दोराचं वेटोळं घेऊन धावत काठावर आले.

बाबा लहानूला म्हणाले, "दोराचं एक टोक या काठच्या चिंचेला बांध, दुसरं कमरेला. आणि उतर."

लहानूचं तोंड पांढरं पडलं. "बाबा, मला पवता येत न्हाई!"

"मी पोहायला सांगितलंय का? उतर म्हणालो."

सगुणाने त्याचा हात धरला. मग तिनेच गाठ आवळून पाहिली आणि हात सोडला.

लहानू उतरला. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. पुढे तो डोह, जिथे एकावर एक उभे दोन पुरुष बुडतील एवढं पाणी. काठावर बायकांनी डोळे झाकले. लहानूने पाऊल टाकलं आणि पाऊल टेकलं! दुसरं टाकलं, तेही टेकलं! लोंढा दोन्ही अंगांनी गर्जत होता, अन् हा माणूस शेतातून चालावं तसा चालत होता. पाणी छातीच्या वर आलं नाही ते नाहीच! खडकाच्या सुळक्याला त्याने दोर आवळला. हातभरसुद्धा उरला नाही.

एकेक जण दोर धरून काठाला लागला. मास्तर शेवटी राहिले.

"लहानू, मला भीती वाटते रे."

"मला बी वाटतीय, मास्तर. दोर धरा, माझा खांदा धरा. चला."

दोघे काठावर आले, तोच खडक पाण्याखाली गेला. होडीवाल्याने दोर धरून पाण्यात उतरत, लहानू चालला होता त्याच डोहात लांब बांबू खुपसला. बांबू सबंध आत गेला, तळ लागला नाही.

मास्तर ओल्या कपड्यांनिशी बाबांच्या पायाशी आले. बाबा झटकन बाजूला सरले. "इथे नाही. माझे पाय कोरडे आहेत."

मास्तर वळले. सगळ्या गावादेखत त्यांनी लहानूच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवो मास्तर, उठा! आसं काय करता?" लहानू मागे सरकू लागला.

"राहू दे रे," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं यांचा विश्वास जिभेवर होता. आज गुडघ्यांपर्यंत उतरलाय. उतरू दे!"

आणि काठावरून आवाज उठला, "प्रभू येशूचा जय!" त्या आवाजापुढे प्रवरेची गर्जना ऐकू येईना.